रोलरमागचा संसार

आमच्या गल्लीत त्याला सगळे सावकाश म्हणायचे. आईबापांनी दुसरं काहीतरी ठेवलं होतं, पण ते नाव फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडायचं. तो रोलर चालवायचा. रोलर माणसाच्या चालीने जातो, आणि त्या माणसाची चप्पल तुटलेली असेल तरच त्याच्या पुढे जातो. अशा यंत्रावर उभं आयुष्य काढलं की ते अंगात भिनतं. समोरचा न्हावी म्हणायचा, सावकाशची दाढी करायला घेतली की दुसरा गाल होईपर्यंत पहिल्या गालाला पुन्हा उगवते, कारण हा मान वळवायलाच वेळ लावतो.

त्याचं खातं विमानतळ बांधायचं. प्रवाशांचे नव्हेत. जिथे जायला कुठल्याही प्रवाशाला काही कारण नाही, तिथले. लष्कराला अशाच जागा आवडतात. त्यामुळे सावकाश वर्षातले दहा महिने कुठल्यातरी उजाड माळावर खडी दाबत असायचा, आणि उरलेले दोन महिने घरी येऊन गॅलरीत बसायचा. लग्नाला बारा वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. ते होण्याइतका तो घरी कधी होता, असं त्याची बायको नळावर सगळ्यांसमक्ष विचारायची.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत तिचे वडील राहायचे. घरजावई आपण ऐकतो. हा घरसासरा होता. सासरेबुवांनी हयातभर लांब पल्ल्याची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांचा उजवा पाय निवृत्त झाला नव्हता. खुर्चीवर बसल्या बसल्या तो काहीतरी दाबत असायचा. आपली मुलगी एका रोलरवाल्याला दिली, हे त्यांना आयुष्यातलं एकमेव चुकलेलं वळण वाटायचं. तसं ते तोंडावर बोलत नसत. ते फक्त "जावईबापू" म्हणायचे, पण अशा आवाजात की त्यात सगळं यायचं.

तर एकदा सावकाशला नव्या कामाचा हुकूम आला. उंच डोंगरांच्या पलीकडे एक पठार होतं. तिथे अवजड मालवाहू विमानं उतरतील अशी धावपट्टी करायची होती. सावकाशने हुकूम वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला.

"किती दिवस?" बायकोने विचारलं.

"दोन उन्हाळे."

"म्हणजे मधला हिवाळाही."

"तो मध्ये येतोच."

बायकोने हुकूम त्याच्या हातातून घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाली, "तुमच्यापेक्षा दूधवाला मला जास्त ओळखतो. मला साय आवडत नाही हे त्याला माहीत आहे."

"तुला साय आवडत नाही?"

"बघा," ती म्हणाली, आणि तिने माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

कामावर कुटुंब नेऊ नये असा नियम होता. पण एक गोष्ट होती. रोलर ट्रेलरवर चढवून त्या घाटातून नेता येत नव्हता. वळणं ट्रेलरला झेपणारी नव्हती, आणि पूल रोलर आणि ट्रेलर या दोघांचं ओझं एकदम घेणार नव्हते. रोलर स्वतःच्याच चाकांवर जाणार होता. अशा लांबच्या प्रवासात रोलरच्या मागे एक लोखंडी डबा जोडतात. त्यात चालकाने झोपायचं, स्वयंपाक करायचा, डिझेलचे डबे आणि हत्यारं ठेवायची. नियमात कामाच्या जागेबद्दल लिहिलं होतं. डब्याबद्दल काहीच नव्हतं. खात्याचा मुकादम भला माणूस होता. तो डब्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "डब्यात काय आहे ते मी बघितलेलं नाही. काही असलंच तर ते थंडीचे कपडे घेऊन निघू दे."

आता सासरेबुवांना एकटं कुठे ठेवणार? तेही निघाले. निघताना गल्लीतली झाडून सगळी माणसं टाटा करायला आली. पण टाटा करण्याची एक अडचण झाली. रोलर नाक्यापर्यंत पोचेपर्यंत हात दुखायला लागले. अर्धी माणसं घरात जाऊन चहा ठेवून परत आली, तेव्हाही सासरेबुवा डब्याच्या दारात बसलेले स्पष्ट दिसत होते, आणि त्यांचा चेहरा रस्त्याने चाललेल्या माणसाने ओळख दाखवू नये असा होता.

त्या प्रवासाला जवळपास दीड महिना लागला. पुढे तिघंही हा प्रवास वेगवेगळा सांगायची. बायकोचं म्हणणं, तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ. सासरेबुवांचं म्हणणं, अशी शिक्षा तुरुंगातसुद्धा नसते. सावकाशला विचारलं तर तो म्हणायचा, "रस्ता बरा होता."

सासरेबुवा डब्याच्या पुढच्या खिडकीतून सूचना द्यायचे. चढ आला की "गिअर, गिअर!" ओरडायचे. वळण आलं की "हॉर्न!" रोलरला हॉर्न नव्हता. गरजही नव्हती, तो येतोय हे समोरच्याला दोन वळणं आधीच कळायचं, आणि येईपर्यंत समोरच्याचं जेवण होऊन जायचं. एकदा एक म्हातारी डोक्यावर सरपण घेऊन रोलरला मागे टाकून गेली. सासरेबुवांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

नवराबायकोची भांडणंही झाली. बारा वर्षांची साठलेली होती, आणि पहिल्यांदाच दोघं एका जागी सापडले होते. पण रोलरवर भांडण टिकत नाही. एकदा ती चिडून डब्यातून उतरली आणि तरातरा पुढे निघून गेली. रागाने माहेरी जावं तर माहेर मागे डब्यातच बसलेलं. मग ती पुढच्या वळणावर एका दगडावर जाऊन बसली. रोलर यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात खाली दरीत तिला नदी दिसली, पलीकडच्या उतारावर मेंढ्या दिसल्या. शेवटी रोलर आला तेव्हा ती म्हणाली, "मघाशी मी कशावरून रागावले होते हो?"

सावकाशने इंजिनाच्या आवाजातून ओरडून सांगितलं, "रॉकेलवरून."

"असेल," ती म्हणाली, आणि डब्यात चढली. डब्यात चढायला रोलर थांबवावा लागत नसे.

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला मुक्काम पडायचा. ती बटाटे उकडायची, तो इंजिनाला तेल द्यायचा. मग दोघं रोलरच्या गरम पत्र्याला पाठ टेकून बसायची, कारण गारठा वाढत चालला होता. तिला तेव्हा कळलं की हा माणूस गप्प असतो म्हणजे नाराज असतो असं नाही. त्याला बोलायला जरा वेळ लागतो, इतकंच. सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो संध्याकाळी द्यायचा. आजवर तो उत्तर देईपर्यंत त्याची रजा संपलेली असायची.

पठारावर पोचले तेव्हा तंबू लागलेले होते. सपाट, करडी जमीन, चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर, आणि हवा इतकी विरळ की दोन वाक्यं बोलून माणूस तिसऱ्याला थांबायचा. लष्कराच्या एक इंजिनीअर बाई कामावर प्रमुख होत्या. सगळे त्यांना मेजरबाई म्हणायचे. त्यांनी रोलर बघितला, डबा बघितला, डब्यातून उतरलेली बाई बघितली, आणि तिच्या मागून उतरलेले, कंबर धरून उभे राहिलेले सासरेबुवा बघितले.

"ह्या कोण?"

"डब्यात असतात," सावकाश म्हणाला.

"आणि हे?"

"तेही."

मेजरबाईंनी क्षणभर विचार केला. परत पाठवायचं तर कशाने? रोलरनेच. "काम करतील का?" त्यांनी विचारलं.

अशी बायको खडे वेचणाऱ्यांच्या टोळीत लागली. मालवाहू विमानाचं इंजिन समोरची हवा ओढतं तसा जमिनीवरचा खडाही ओढतं, आणि सुपारीएवढा खडा आत गेला तरी इंजिनाची वाट लागते. म्हणून बाया आणि जवान एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून धावपट्टी चालायचे आणि सुटा खडा दिसला की पिशवीत टाकायचे. सासरेबुवांना कुणी काम दिलं नाही. त्यांनी ते घेतलं. खडीचे डंपर यायचे तिथे एक लाल फडकं घेऊन ते उभे राहू लागले आणि डंपर मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करू लागले. डंपरवाल्यांना त्याची गरज नव्हती, पण म्हाताऱ्या माणसाचं मन कोण मोडणार? पुढे पुढे ते नसले की डंपर थांबून राहायचे.

एकदा त्यांनी मेजरबाईंना गाठलं. "विमान काय काय आणणार?"

"ट्रक. तोफा. धान्य. डिझेल. ट्रक तर पोटात उभेच्या उभे येतात."

"मग ट्रकांनी सरळ रस्त्यानेच का येऊ नये?"

"रस्ता तसा नाही, आजोबा."

"आम्ही आलो की."

"किती दिवसांत आलात?"

सासरेबुवांनी फडकं झटकलं आणि डंपरकडे निघून गेले.

धावपट्टीचं काम म्हणजे थरांचं काम. खाली भराव, वर मुरूम, वर खडी, आणि दर थरावर पाणी मारून दबाई. सावकाश एका टोकापासून निघायचा, दुसऱ्या टोकाला पोचायचा, वळायचा, पुन्हा निघायचा. पठारावरचा तो एकटाच रोलर होता, कारण दुसरा चालक घाटाच्या पायथ्याशीच आजारी पडला होता, आणि आजार बरा झाल्याचं त्याने अजून कळवलं नव्हतं.

उन्हाळा निम्म्यावर आला असताना एका दुपारी पट्टीच्या मधोमध रोलर थांबला. मग एका बाजूला कलला. मग हळूहळू, अगदी सावकाशच्या स्वभावाला शोभेल अशा रीतीने, पुढचा ड्रम जमिनीत जाऊ लागला. सावकाश सीटवरच बसून होता. उतरायचं त्याच्या लक्षात आलं तेव्हा उतरण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने नुसता पाय बाहेर टाकला आणि तो जमिनीवर उभा होता.

सगळे धावले. खणून बघितलं तर खाली झरा निघाला. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळला की पाणी जमिनीखालून यायचं आणि पट्टीच्या पोटात साठायचं. आधी जी भोकं पाडून तपासणी केली होती ती वसंतात, सगळं गोठलेलं असताना. मेजरबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. ह्या जागी पहिलं विमान उतरलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चर खणा. पाणी बाजूला काढा. हा भाग पुन्हा."

रोलर बाहेर काढायला तीन डंपर लागले. पुढे वरिष्ठ कार्यालयाकडून शाबासकी आली, की रोलरचालकाने धोक्याची जागा शोधून काढली. सावकाश बेचैन झाला. तो मेजरबाईंच्या तंबूत गेला.

"बाई, मी काही शोधलं नाही. मी बुडालो."

"मला माहीत आहे."

"मग ते दुरुस्त करून घ्या."

"काय लिहू? योग्य जागी बुडाला?"

सावकाश विचार करत तंबूतून बाहेर पडला. बायको म्हणाली, "अहो, घ्या की शाबासकी. जगात इतकी माणसं बुडतात, त्यांना कोण विचारतं?" सासरेबुवांनी मात्र पहिल्यांदाच जावयाची बाजू घेतली. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. गाडी खड्ड्यात घालून बक्षीस मिळायला लागलं तर आमच्या डेपोत सगळेच श्रीमंत झाले असते."

झऱ्याने काम मागे पडलं. पट्टीचा शेवटचा तुकडा कच्चा होता तेव्हाच पहिला बर्फ भुरभुरला आणि वितळून गेला. घाट त्याच आठवड्यात बंद झाला. आणि सासरेबुवांचा खोकला सुरू झाला.

आधी त्यांनी तो लपवला. डंपरच्या आवाजात खोकायचे. मग एका सकाळी ते फडकं घेऊन उभे राहिले आणि "येऊ द्या" एवढंच म्हणू शकले. "बास" आलंच नाही. डंपरवाल्याने आपणहून ब्रेक मारला आणि खाली उतरून त्यांना धरलं. छावणीतल्या डॉक्टरने छाती तपासली. फुप्फुसात पाणी झालं होतं. अशा उंचीवर होतं तसं. औषधं होती, ऑक्सिजनच्या नळकांड्या होत्या, पण त्या काही जन्माला पुरणार नव्हत्या. डॉक्टर बायकोला म्हणाला, "औषधापेक्षा यांना खाली न्यायला हवं. लवकर."

घाट बंद. हेलिकॉप्टर अधूनमधून टपाल घेऊन यायचं, पण त्याच्यात बिघाड होऊन ते खाली पडून होतं. उरलं विमान. मेजरबाईंनी बिनतारी संदेशावर खाली विचारलं. पहिल्या विमानाची चाचणी पंधरवड्यानंतर ठरली होती. ती अलीकडे आणता येईल का?

तिकडून विचारलं, "धावपट्टी पूर्ण झाली आहे का?"

मेजरबाई म्हणाल्या, "विमान उतरण्यापुरती होईल."

"आणि उडण्यापुरती?"

"त्यासाठी शेवटचा तुकडा लागेल. तो करतोय."

विमान त्याच आठवड्यात पाठवायचं तिकडून कबूल झालं. तुकडा करणार होता एकटा सावकाश. थर पसरून झाला होता, दबाई बाकी होती. तो रोलरवर चढला आणि नेहमीच्या चालीने निघाला.

बायकोने बापाजवळ थोडा वेळ काढला. म्हाताऱ्याच्या छातीतून उकळत्या किटलीसारखा आवाज येत होता. ती तंबूच्या दारातून बघत होती. रोलर जात होता. रोलर येत होता. जात होता. शेवटी तिला राहवलं नाही. ती धावत पट्टीवर गेली आणि रोलरच्या बाजूने चालू लागली.

"अहो, जरा भरभर घ्या ना!"

सावकाश समोर बघत होता. "भरभर घेतलं तर दबत नाही."

"बाबा तिकडे..."

"माहीत आहे."

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

रोलर पट्टीच्या टोकाला पोचला, वळला, निम्मा परत आला, तरी त्याने उत्तर दिलं नाही. ती अजून चालतच होती, डोळे पुसत. मग तो म्हणाला, "वरून नुसतं दाबल्यासारखं दिसेल. आत पोकळ राहील. त्याच विमानात बाबा असतील. तूही असशील."

ती थांबली. रोलर पुढे गेला. मग तिने जेवण बांधून आणलं आणि चालत्या रोलरवर त्याच्या हातात दिलं. दिवस मावळेपर्यंत तो सीटवरून उतरला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा चढला. मेजरबाई मागून लोखंडी सळई घेऊन चालायच्या, जागोजागी ठोकून तपासायच्या, आणि कुठे मनाजोगतं नसलं की नुसता हात वर करायच्या. मग तो तेवढा भाग पुन्हा घ्यायचा.  शेवटच्या दिवशी दुपारी मेजरबाई पूर्ण तुकडा चालून आल्या आणि हात वर न करताच परत गेल्या.

मग राहिले खडे. सगळी छावणी रांगेत उभी राहिली. स्वयंपाकी आले, डंपरवाले आले, डॉक्टर आला. रांग माना खाली घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. बायको रांगेच्या मधोमध होती. तिच्या पिशवीत फारसं काही आलं नाही. रांग मोडली, माणसं पांगली, चहाला गेली. ती एकटीच मागे फिरली आणि पुन्हा चालू लागली. आपल्या पायाखाली एखादा राहिला असेल तर? मग बाजूची बाई परतली. मग दुसरी.  सगळी रांग पुन्हा उभी राहिली आणि पट्टी दुसऱ्यांदा चालली. त्या खेपेला एक खडा सापडला. वाटाण्याएवढा होता. डॉक्टरला सापडला, आणि त्याने तो इतक्या जपून पिशवीत ठेवला की कुणाला वाटावं त्यालाच औषध द्यायचं आहे.

विमान सकाळी आलं. आधी आवाज आला, मग दोन डोंगरांच्या फटीतून ते निघालं. एवढी मोठी वस्तू इतकी हळू कशी काय तरंगते, असं सगळ्यांना वाटलं. चाकं टेकली. पठार पायांखाली थरथरलं. धुळीचा आणि आवाजाचा एक डोंगर समोरून गेला आणि झऱ्याच्या जागेवर आला. सावकाशने डोळे मिटून घेतले नाहीत, पण त्याने श्वास घेतला नव्हता हे त्याच्या शेजारी उभ्या डंपरवाल्याने नंतर सांगितलं. विमान त्या जागेवरून गेलं, शेवटच्या तुकड्यावर गेलं, थांबलं.

वैमानिक उतरून हात पुढे करून आला. मेजरबाईंनी त्याला ओलांडलं आणि त्या चाकांच्या खुणांपाशी जाऊन ओणव्या झाल्या. मोजपट्टी लावून खोली मोजली. मग परत येऊन वैमानिकाशी हात मिळवला.

विमानाचं मागचं दार उतरून जमिनीला टेकलं. सगळे वाकून बघू लागले, आत काय आहे. अंधारातून पहिली वस्तू बाहेर आली. तो एक रोलर होता. नवा कोरा, पिवळा, चारी बाजूंनी काचेची केबिन असलेला. त्याचा चालक विमानात ओकून ओकून हिरवा पडला होता. खालून इथवर यायला त्यांना एक तासही लागला नव्हता.

सावकाश त्या रोलरकडे बघत उभा राहिला. तो काहीतरी बोलेल म्हणून माणसं थांबली. पण त्याला बोलायला वेळ लागतो हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि सामान उतरवायचं होतं.

स्ट्रेचर आणलं. सासरेबुवांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. नव्या रोलरजवळून जाताना त्यांनी हाताने थांबायची खूण केली, मुखवटा बाजूला केला आणि केबिनकडे बघितलं. "ह्याला काच आहे," ते म्हणाले. मग जावयाकडे बघितलं. दम लागत होता, म्हणून शब्द सुटे सुटे आले. "जावईबापू. गाडी. वेळेवर. लागली."

बसवाला माणूस यापेक्षा मोठं कौतुक करत नाही. सावकाशला ते कळलं. त्याने त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

बायको स्ट्रेचरबरोबर आत गेली. दारातून वळून ती म्हणाली, "काळी कढई भिजत घातलीय. घासून ठेवा. आणि रात्री दोन स्वेटर घाला, एक नव्हे."

सावकाशने मान हलवली. त्याच्या मनात एक वाक्य तयार होत होतं. दार वर उचललं जाऊ लागलं. ते दारही तसं हळूच बंद होत होतं, तरी त्याला वेळ पुरला नाही.

सासरेबुवा वाचले. खालच्या इस्पितळात ते तीन आठवडे होते, आणि बरं वाटू लागल्यावर त्यांनी वॉर्डभर विमानाची निंदा केली. खिडकी नाही, बसायला नीट जागा नाही, आणि कंडक्टर कानात बोळे घालायला लावतो. पण गल्लीत परतल्यावर त्यांचा सूर बदलला. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी "काय म्हणतो तुमचा सावकाश?" विचारलं, तर ते म्हणाले, "कोण सावकाश?" न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. "माझ्या जावयाने केलेल्या रस्त्यावरून हत्तीएवढं विमान उडालं. तुमच्या दुकानासमोर सायकल पंक्चर होते." त्यानंतर त्यांच्यासमोर ते टोपणनाव कुणी घेतलं नाही. त्यांच्यामागे अर्थातच घेत राहिले.

सावकाश त्या हिवाळ्यात वरच राहिला. विमानं येऊ लागली होती, कधी आठवड्याला दोन, कधी रोज. वसंत सरता सरता माणसं बदलायची वेळ आली, आणि दुसऱ्या उन्हाळ्याला नव्या रोलरचा चालक होताच, तेव्हा मेजरबाईंनी त्याला रिकाम्या परतणाऱ्या विमानात बसवून दिलं. आत खिडकी नव्हती. बराच वेळ बसल्यावर त्याने शेजारच्या जवानाला विचारलं, "निघायला अजून किती वेळ आहे?" जवान म्हणाला, "काका, आपण उतरतोय."

तो घरी आला ती दुपारची वेळ होती. सासरेबुवा पुढच्या खोलीत झोपले होते. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे नखशिखांत बघितलं, स्वेटर किती आहेत ते मोजलं आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. दोघं स्वयंपाकघरात बसली. तिने चहा केला. साय काढून टाकली, दोन्ही कपांतली.

"हिवाळाभर काय केलंत?" तिने विचारलं.

सावकाशने एक घोट घेतला. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तो कोपऱ्यावर वळला, त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला.

"बर्फ दाबला," सावकाश म्हणाला.

"बर्फ?"

"पट्टीवर पडायचा. उपसून संपायचा नाही. मग तोच दाबायचा. दाबून दाबून टणक झाला की त्याच्यावर विमान उतरतं."

"मग? आता?"

"आता वितळला."

"सगळा?"

"सगळा."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. एक पूर्ण हिवाळा, एकटा माणूस, जात होता, येत होता. मग तिला हसू फुटलं. आधी तिने पदर तोंडाला लावला, पण ते आवरेना. पुढच्या खोलीतून सासरेबुवा जागे होऊन विचारू लागले, काय झालं, काय झालं. सावकाशला आधी कळेना ती कशाला हसते आहे. त्याने दुसरा घोट घेतला, विचार केला, आणि थोड्या वेळाने, ती डोळे पुसून शांत होत आली होती तेव्हा, तोही हसू लागला.